कूलर निवडायचा तो मे महिन्यासाठी : प्रस्तावना

प्रोसेसरच्या एअर कूलरचं कुठलंही परीक्षण वाचा, त्यात एका कोपऱ्यात खोलीचं तापमान दिलेलं असतं. बहुतेक वेळा ते 21 किंवा 22 अंश. चाचणी तैवानात झालेली असो, जर्मनीत असो की अमेरिकेत, ती एसी लावलेल्या बंद खोलीत झालेली असते. नांदेडात मे महिन्याच्या दुपारी बाहेर 42–43 अंश असतात आणि स्लॅबखालच्या खोलीत पंखा पाचवर ठेवला तरी पारा 37–38 च्या खाली यायला तयार नसतो. म्हणजे परीक्षणातला प्रत्येक आकडा आपल्या टेबलावर येईपर्यंत सोळा-सतरा अंशांनी चढलेला असतो. ही पुस्तिका त्या सोळा-सतरा अंशांबद्दल आहे. कुठला कूलर जगात सर्वोत्तम, हा वाद इथे सापडणार नाही.

ओव्हरक्लॉकिंग म्हटलं की रात्रभर गेम खेळणारी पोरं डोळ्यांसमोर येतात. ती आहेतच. पण आमच्या भागात प्रोसेसरला खरा घाम फोडतो तो लग्नाचा व्हिडिओ. एप्रिल-मे म्हणजे दाट तिथ्या. स्टुडिओवाल्याकडे एकापाठोपाठ एक लग्नांचं फुटेज साठत जातं, मुलीकडच्यांना पेनड्राइव्ह परवाच हवा असतो, आणि एक्स्पोर्टला लावलेलं मशीन तासन्‌तास पूर्ण लोडवर चालतं. गेममध्ये प्रोसेसरला मधूनमधून उसंत मिळते, रेंडरिंगमध्ये मिळत नाही. पुण्यातल्या एसी ऑफिसमधल्या मशीनला बाराही महिने सारखंच काम आणि सारखीच हवा. इथे वर्षातलं सगळ्यात जड काम वर्षातल्या सगळ्यात तापलेल्या दोन महिन्यांत येऊन पडतं. म्हणून पुस्तिका लिहिताना मी नांदेडच्या वजिराबादेतला किंवा लातूरच्या गंजगोलाईजवळचा एखादा व्हिडिओ एडिटर डोळ्यांसमोर ठेवला आहे. विष्णुपुरीच्या श्री गुरु गोबिंदसिंहजी अभियांत्रिकी संस्थेत सिम्युलेशन चालवणाऱ्या पोरांनाही तेच हिशेब लागू पडतील.

आधी ओव्हरक्लॉकिंगचा सौदा समजून घेऊ. कारखान्याने ठरवून दिलेल्यापेक्षा जास्त वेगाने प्रोसेसर पळवला की तो डगमगतो, ते डगमगणं थांबवायला व्होल्टेज चढवावं लागतं, आणि उष्णता वाढते ती मुख्यतः या व्होल्टेजमुळे. वेग दुप्पट केला तर उष्णता दुप्पट होते, व्होल्टेज दुप्पट केलं तर चौपट. समजा वेग आठ टक्के वाढवला आणि त्यापायी व्होल्टेज दहा टक्के वाढवावं लागलं. 1.08 गुणिले 1.21 केलं की उष्णता जवळजवळ 31 टक्क्यांनी वाढल्याचं दिसतं. आठ टक्के मिळाले, एकतीस टक्के मोजले. डिसेंबरात हा सौदा परवडतो, मे महिन्यात परवडेलच असं नाही.

एके काळी हा सौदा जवळजवळ फुकट होता. 1998 सालचा इंटेलचा सेलेरॉन 300ए मुळात 300 मेगाहर्ट्‌झचा. मदरबोर्डची बस 66 वरून 100 वर नेली की तो 450 वर चालायचा. 2011 च्या सुरुवातीला आलेला कोअर आय5-2500के 3.3 गिगाहर्ट्‌झचा होता आणि त्याच्यावर कूलर मास्टरचा हायपर 212 बसवला की तो साडेचारच्या आसपास निवांत राहायचा. हौशी लोकांची एक अख्खी पिढी या जोडीवर वाढली. ‘हायपर 212 घे, डोळे झाकून घे’ हा सल्ला अजूनही दुकानांतून ऐकू येतो तो तेव्हापासूनचा. कूलर वाईट नाही, सल्ला जुना झालाय. त्या प्रोसेसरवर 95 वॉटचा आकडा होता. 2023 चा कोअर आय5-14600के ओव्हरक्लॉक न करताच 181 वॉटपर्यंत चढतो आणि आय9-14900के 253 पर्यंत. जो वेग पूर्वी आपण हाताने काढायचो तो आता कंपनीनेच काढून विकायला ठेवलेला असतो. आपल्या वाट्याला उरतं ते फार तर चार-पाच टक्के.

आणि या उरल्यासुरल्यासाठी व्होल्टेज चढवण्याची किंमत काय असते, ते 2024 मध्ये दिसलं. इंटेलच्या तेराव्या आणि चौदाव्या पिढीचे वरच्या दर्जाचे प्रोसेसर कोलमडू लागले. प्रोसेसर गरजेपेक्षा जास्त व्होल्टेज मागत होते हे कंपनीने मान्य केलं, ऑगस्टमध्ये दुरुस्त मायक्रोकोड दिला आणि वॉरंटी दोन वर्षांनी वाढवली. यांपैकी एखादा सेकंडहँड घेत असाल तर आधी बायोस अपडेट करा, कूलरचं नंतर बघू.

आता मुख्य मुद्दा. कूलर कितीही महाग असो, तो प्रोसेसरला खोलीतल्या हवेपेक्षा थंड करू शकत नाही. हवेपेक्षा तो किती अंश वर राहील, एवढंच कूलरच्या हातात असतं. म्हणून परीक्षण वाचताना ‘75 अंश’ हा आकडा सोडून द्यायचा आणि त्यातून खोलीचं तापमान वजा करायचं. समजा 180 वॉटच्या लोडवर एखाद्या कूलरने 21 अंशांच्या खोलीत प्रोसेसर 75 वर ठेवला. वजाबाकी 54. हे 54 बऱ्यापैकी कूलरचे स्वतःचे, ते गावोगाव फारसे बदलत नाहीत. त्यात आपल्या खोलीचे 38 मिळवा. उत्तर 92. इंटेलचा प्रोसेसर 100 अंशांना स्वतःहून वेग कमी करायला लागतो. परीक्षणात ‘उत्तम’ ठरलेला कूलर नांदेडात काठावर पास होतो, आणि तेही कॅबिनेटमधली हवा खोलीइतकीच आहे असं धरून. ग्राफिक्स कार्ड तापलेलं असेल तर कॅबिनेटच्या आत आणखी पाच-सात अंश सहज चढतात. मग खेळ संपला.

याच गणिताची दुसरी बाजू मात्र दिलासा देणारी आहे. वॉट कमी केले की ते 54 त्याच प्रमाणात उतरतात. तोच प्रोसेसर बायोसमध्ये 125 वॉटवर बांधून ठेवला तर 54 चे साधारण साडेसदतीस होतात. म्हणजे साडेसोळा अंश वाचले, जवळजवळ तेवढेच जेवढे मे महिन्याने वाढवले होते. वेग त्या मानाने फार थोडा कमी होतो, कारण शेवटच्या काही टक्क्यांसाठीच प्रोसेसर सगळ्यात जास्त वीज खात असतो. म्हणून मला वाटतं, मराठवाड्यात कूलर निवडणं आणि वॉटची मर्यादा ठरवणं ही एकच गोष्ट आहे. ज्याने मर्यादा ठरवली नाही, त्याला दुकानदार जो कूलर देईल तो कमीच पडणार.

शेतकरी खरिपाचं बी रब्बीत पेरत नाही, तसं बायोसमध्येही दोन प्रोफाइल करून ठेवावीत. बहुतेक मदरबोर्डांत ती सेव्ह करायची सोय असते. मार्च ते जूनसाठी एक, त्यात वॉट बांधलेले आणि व्होल्टेज शक्य तितकं उतरवलेलं. नोव्हेंबर ते फेब्रुवारीसाठी दुसरं, त्यात हौस भागवून घ्यायची. डिसेंबरच्या पहाटे नांदेडचा पारा दहा-बारापर्यंत उतरतो आणि तेव्हा तोच प्रोसेसर, त्याच कूलरखाली, मे महिन्यात स्वप्नातही दिसणार नाही असा वेग देतो. एएमडीवाल्यांनी बायोसमधल्या पीबीओ आणि कर्व्ह ऑप्टिमायझर या सेटिंगांत हेच करायचं. फक्त एक लक्षात ठेवा : रायझन 7000 मालिकेपासून 95 अंश हे पूर्ण लोडवरचं अपेक्षित तापमान म्हणूनच कंपनीने ठरवलंय. तो आकडा दिसला म्हणून पहिल्या दिवशी कूलर बदलायला धावू नका.

आता कूलर. टॉवर कूलरचं सगळं काम त्याच्या धातूच्या पट्ट्यांतून जाणाऱ्या तांब्याच्या नळ्यांवर चालतं. ही हीटपाइप मुळात संगणकासाठी जन्मलेली नाही. जनरल मोटर्सच्या रिचर्ड गॉगलर यांनी 1940 च्या दशकात ती कल्पना पेटंटमध्ये नोंदवली, आणि 1963 मध्ये लॉस अ‍ॅलामॉसच्या प्रयोगशाळेत जॉर्ज ग्रोव्हर यांनी ती स्वतंत्रपणे घडवली. तेव्हा डोळ्यांसमोर अंतराळातली उपकरणं होती. नळीतली हवा काढून घेतात, आत थोडंसं पाणी ठेवतात आणि दोन्ही टोकं बंद करतात. हवेचा दाब नसल्यामुळे ते पाणी तीस-चाळीस अंशांनाही वाफ होऊ शकतं. प्रोसेसरकडच्या टोकाला वाफ होते, पट्ट्यांकडच्या थंड टोकाला पुन्हा पाणी होतं, आणि नळीच्या आतून लावलेल्या तांब्याच्या सच्छिद्र थरातून ते पाणी झिरपत परत खाली येतं. मोटर नाही, वीज नाही, बिघडण्यासारखं काही नाही. फिरतो तो फक्त बाहेरचा पंखा.

चार नळ्यांचा, एका टॉवरचा, 120 मिलिमीटर पंख्याचा कूलर हा बाजारातला नेहमीचा माल. डीपकूलचा एके400 किंवा हायपर 212 चे नवे अवतार. ओव्हरक्लॉक न केलेल्या, 125 वॉटच्या आत बांधलेल्या प्रोसेसरला हे आपल्या उन्हाळ्यातही पुरतात. त्यावर जायचं तर सहा नळ्या आणि दोन टॉवर हवेत. थर्मलराइटचा पीअरलेस असॅसिन 120 एसई किंवा डीपकूलचा एके620 या जातीचे. माझं मत विचाराल तर नांदेडच्या एडिटरने याच पायरीवर थांबावं. वर ऑस्ट्रियाच्या नॉक्चुआचा एनएच-डी15 आहे, 2014 पासून एअर कूलरांत त्याचं नाव घेतलं जातं आणि पंख्यांसकट त्याचं वजन 1320 ग्रॅम भरतं. वस्तू देखणी आहे आणि तपकिरी रंगाची चेष्टा सहन करूनही टिकलेली आहे. पण या पायरीवर दुप्पट-तिप्पट पैसे मोजून हाती येतात ते मोजके अंश. आजच्या प्रोसेसरची चिप इतकी लहान असते की अडचण पट्ट्यांशी नसतेच, उष्णता चिपमधून बाहेर पडण्याशी असते. रायझन 7000 मधल्या कोअर असलेल्या तुकड्याचं क्षेत्रफळ जेमतेम 71 चौरस मिलिमीटर आहे. त्याच्यावर कितीही मोठं धातूचं धूड ठेवलं तरी ही अडचण सुटत नाही. खोक्यावर छापलेल्या ‘260 वॉट’सारख्या दाव्याकडे तर बघूच नका. सगळ्या कंपन्यांना बांधील असा एकच मोजमापाचा नियम नसल्याने ज्याची त्याची फूटपट्टी वेगळी.

लातूरकरांना थोडी सूट आहे. शहर बालाघाटच्या पठारावर, समुद्रसपाटीपासून सहाशे मीटरच्या आसपास, तर गोदाकाठचं नांदेड साडेतीनशेच्या जवळ. उन्हाळ्यात दोन-तीन अंशांचा फरक पडतो. उंचीवर हवा विरळ होते आणि पंख्याचं काम घटतं, असंही कुणी सांगेल. खरं आहे, पण सहाशे मीटरला तो फरक पाच-सहा टक्क्यांचा. विसरून जा. लातुरात खरी अडचण आहे ती भाड्याच्या वरच्या मजल्यावरच्या खोल्यांची. क्लासच्या पोरांसाठी चढवलेले हे मजले दिवसभर तापतात आणि रात्री अकरालाही बाहेरच्यापेक्षा आत जास्त गरम असतं. काम रात्री करतो म्हणून मशीन थंड राहतं, हा समज अशा खोलीत चालत नाही.

मग येतो खोलीतला पाण्याचा कूलर, ज्याचा उल्लेख एकाही परदेशी परीक्षणात नसतो. मे महिन्यात हवा कोरडी असते तेव्हा तो कमाल करतो. 42 अंश आणि वीस टक्के आर्द्रता असेल तर चांगल्या गवताचा कूलर तीसच्या आसपासची हवा फेकू शकतो. खोली सहा-सात अंशांनी उतरली की प्रोसेसरही तितकाच उतरतो. पण पहिल्या पावसानंतर, हवा दमट झाल्यावर, तोच कूलर हवा जेमतेम चार-पाच अंशांनी उतरवतो. जूनचा दुसरा-तिसरा आठवडा मशीनला बहुतेकदा मे महिन्याइतकाच जड जातो तो म्हणून. शिवाय पाणी असेल तर कूलर. दुष्काळात, 12 एप्रिल 2016 ला, मिरजेहून पाण्याची पहिली रेल्वे लातूरला पोचली. त्या उन्हाळ्यात कूलरच्या टाकीत बादली ओतायला कुणाचा हात धजावला असता? लातुरात राहून खोलीच्या कूलरच्या भरवशावर ओव्हरक्लॉक ठरवू नये, एवढं मी स्पष्टच सांगतो.

हा कूलर कॅबिनेटच्या थेट तोंडावर मात्र लावू नका. ओल्या हवेने प्रोसेसरवर पाणी साचेल ही भीती निराधार आहे. पट्ट्या हवेपेक्षा कायम गरम असतात, तिथे दव धरत नाही. त्रास होतो तो बोअरच्या जड पाण्याचा. हवेबरोबर उडालेले बारीक तुषार वाळतात आणि मागे पांढरा क्षार ठेवतात. पट्ट्यांवर बसला तर ब्रशने निघतो. रॅमच्या स्लॉटमध्ये बसला की मशीन कधी सुरू होतं, कधी होत नाही, आणि दुकानदार आधी एसएमपीएस बदलून बघतो.

धुळीबद्दल दोन शब्द पुरणार नाहीत. 1990 च्या दशकात कॉम्प्युटर क्लासमध्ये शिरताना चपला बाहेर काढायला लावत, त्याची आता थट्टा होते. त्यात भाबडेपणा होता तसं शहाणपणही होतं. आमच्याकडची धूळ तीन प्रकारची : काळ्या मातीचा फुफाटा, नांदेडकडे कापसाची तूस, आणि लातूरकडे डाळ मिलच्या वाऱ्यावरचा भुसा. एकटी माती पट्ट्यांमधून बरीचशी निघून जाते, तूस जात नाही. ती पट्ट्यांच्या कडेला अडकते, मग तिच्यात माती अडकते. बाहेरून कूलर स्वच्छ दिसतो, पंखा नीट फिरतो, आणि तरी टेंपरेचर मागच्या वर्षीपेक्षा दहा अंश वर. अशा वेळी तारेच्या क्लिपा सोडून पंखा बाजूला काढा. पंखा आणि पट्ट्या यांच्यामध्ये, जिथे बाहेरून नजर पोचत नाही, तिथे राखाडी रंगाचा जाडसर थर बसलेला असतो. नखाने एक कोपरा उचलला तर कित्येकदा तो अख्खा एका तुकड्यात निघून येतो. ब्लोअर मारताना पंख्याचं पातं बोटाने धरून ठेवा, नाहीतर ते मोकाट फिरून बेअरिंग जातं. ही सफाई पाडव्याच्या सुमारास, उन्हाळा चढण्याआधी एकदा, आणि दिवाळीच्या साफसफाईत पुन्हा एकदा. कूलर घेतानाही हे आठवा. पट्ट्या फार दाट असलेला कूलर चाचणीत दोन अंश जिंकतो आणि आपल्याकडे दुसऱ्या वर्षी हरतो. पंखा स्क्रू-ड्रायव्हरशिवाय निघतो की नाही, हे मी नळ्यांच्या संख्येइतकंच महत्त्वाचं मानतो. कॅबिनेट पुढून जाळीचं घ्या, जाळीमागे धुता येईल असा फिल्टर असू द्या, आणि हवा आत घेणारे पंखे बाहेर टाकणाऱ्यांपेक्षा जास्त ठेवा, म्हणजे फटीफटीतून धूळ ओढली जाणार नाही. पुढून सपाट काच आणि आत सात रंगांचे दिवे, असलं कॅबिनेट शोरूममध्येच शोभतं.

आवाजाचं प्रकरण पुस्तिकेत छोटं आहे. मे महिन्यात डोक्यावर सीलिंग फॅन आणि खिडकीत पाण्याचा कूलर घोंघावत असताना प्रोसेसरचा पंखा कुणाला ऐकू येणार? शांततेसाठी जादा पैसे मोजायचे असतील तर ते ज्यांच्याकडे त्याच खोलीत व्हॉइस रेकॉर्डिंग होतं त्यांनीच मोजावेत.

‘मग पाण्याचंच का नाही?’ हा प्रश्न येतोच. बंद लिक्विड कूलरला, तीन पंख्यांच्या मोठ्या रेडिएटरसह, 250 वॉटच्या प्रोसेसरवर एअर कूलरपेक्षा जास्त वाव मिळतो, हे नाकारण्यात अर्थ नाही. पण खोलीच्या हवेच्या खाली तोही जात नाही, सतरा अंशांचा भुर्दंड त्यालाही तेवढाच. त्यात पंप असतो, आणि काही वर्षांनी तो गेला की सगळा संच बदलावा लागतो. भर लग्नसराईत पंप बंद पडला तर वॉरंटीचा माल येईपर्यंत गिऱ्हाइकाला काय सांगणार? एअर कूलरचा पंखा गेला तर 120 चा पंखा गावातल्या कुठल्याही कॉम्प्युटर दुकानात मिळतो आणि दहा मिनिटांत लागतो. तोपर्यंत कॅबिनेटचा मागचा पंखा काढून कूलरवर लावला तरी काम सुरू राहतं. मोठ्या शहरापासून दूर असलेल्या माणसाने या एका कारणासाठी एअर कूलर निवडला तर मी त्याला चूक म्हणणार नाही. लिक्विडची आणखी एक उणीव सहसा कुणी सांगत नाही : प्रोसेसरजवळ पंखाच नसल्याने त्याला वीज पुरवणाऱ्या मदरबोर्डवरच्या व्हीआरएमला वारा लागत नाही. ओव्हरक्लॉकमध्ये तेही तापतात, आणि तापलेल्या खोलीत आधी तेच हात टेकतात.

विकत घेण्याआधीची मापं पुढे तपशिलाने दिली आहेत, इथे एवढंच की आधी कॅबिनेटचं माहितीपत्रक काढा. पीअरलेस असॅसिन 120 एसई 155 मिलिमीटर उंच, एके620 साधारण 160, एनएच-डी15 तर 165. बाजूचं झाकण बसत नाही म्हणून ते कायमचं उघडं ठेवलेली मशीनं आपल्याकडे कमी नाहीत, आणि फुफाट्यात त्यांचं जे व्हायचं ते होतं. रॅमवर उंच शोभेच्या पट्ट्या असतील तर पुढचा पंखा वर सरकवावा लागतो आणि उंची पुन्हा वाढते. पेस्ट मधोमध वाटाण्याएवढी पुरे. स्क्रू एकदम एका बाजूचा न आवळता, तिरक्या कोपऱ्यांतले थोडे थोडे आवळत जा.

मशीन बाहेरून असेंबल करून आणणाऱ्यांसाठी शेवटची सूचना. नांदेडकरांना पुण्यापेक्षा हैदराबाद जवळ, त्यामुळे बरेच जण सिकंदराबादच्या चिनॉय ट्रेड सेंटरमधून सामान घेतात आणि देवगिरी एक्स्प्रेसने परततात. लातूरकर बहुधा रात्रीच्या बसने. किलोभर वजनाचा टॉवर उभ्या मदरबोर्डला आडवा लटकलेला असतो आणि रस्त्यातला प्रत्येक खड्डा तो त्या बोर्डावर मोजतो. दोन टॉवरवाला कूलर असेल तर तो काढून वेगळ्या खोक्यात आणा आणि घरी नव्या पेस्टवर बसवा. काढायची तयारी नसेल तर कॅबिनेट आडवं ठेवून आणा, मदरबोर्ड खाली आणि कूलर वर येईल असं. घरी पोचल्यावर प्लग लावण्याआधी झाकण उघडून टॉवर दोन बोटांनी हलकेच हलवून बघा. हलला तर स्क्रू आवळून भागवू नका, कूलर उचला, जुनी पेस्ट पुसा आणि नव्याने बसवा.